उघडी तोटी, चिरलेली टोपी आणि स्लोवर न टिकणारी स्कूटर

प्रश्न देवगडकडून आला आहे, थोडक्यात असा. वडिलांची ११० सीसीची स्कूटर, २०१२ सालची, कार्बोरेटरवाली. शिमगा झाल्यावर पडवीत उभी केली ती थेट गणपतीला बाहेर काढली. चोक ओढल्याशिवाय चालूच राहीना. गावातल्या मेकॅनिकने कार्बोरेटर उतरवून धुतला. आता सुरू होते, पण स्लोवर, म्हणजे मूठ सोडून, उभी असताना आपली आपण रेस होते, मग खाली येते आणि बंद पडते. मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा, स्क्रू कितीही फिरवला तरी फरक शून्य. कार्बोरेटरला दोन तोट्या दिसतात. इंजिनाकडच्या तोटीवर जुनी, चिरलेली रबरी टोपी आहे. फ्लोटच्या वाटीच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, जरा वर असलेली दुसरी तोटी मात्र उघडी आहे. ती बंद करू का, आणि तिथे मुळात कुठली नळी होती? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय, की मागच्या वर्षी पेट्रोलचा कॉक बिघडला म्हणून साधा, हाताने फिरवायचा कॉक बसवून घेतला.

मला ते जाता जाता लिहिलेलं वाक्यच जास्त कामाचं वाटलं. तुमची उघडी तोटी बंद करू नका. बंद करायची आहे ती टोपीवाली.

उलटं वाटेल, कारण ज्या तोंडावर काही नाही तिथूनच हवा जाणार असं कुणालाही वाटतं. मीही उमेदवारी करत असताना तेच केलं होतं. एका मोटरसायकलच्या कार्बोरेटरची एक तोटी उघडी दिसली, मालक समोर उभा, आपण काहीतरी शोधून काढलं हे दाखवायची हौस. एम-सील मळून तोटी लिंपून टाकली. गाडी झकास सुरू झाली, गेली आणि पहिल्याच चढावर बंद पडली. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा दोन फर्लांगांवर बंद. मालक संध्याकाळी गाडी ढकलत परत आला तेव्हा त्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी लिंपली होती ती फ्लोटच्या वाटीची हवेची वाट. वाटीतलं पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला हवी. हवा नाही, तर पेट्रोल तिथेच लटकून राहतं. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेलात की कसं गुटगुट करत अडतं, तसंच.

तर सगळ्या तोट्या एका कामाच्या नसतात, आणि नुसतं बघून ओळखू येत नाहीत. आधी ओढ समजून घ्या. व्हॅक्यूम हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्याकडे गॅरेजात ‘ओढ’च म्हणतात आणि मला तो शब्द जास्त बरोबर वाटतो.

शहाळ्यात स्ट्रॉ घालून पाणी ओढता तेव्हा तुम्ही तोंडात पोकळी करता आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. स्ट्रॉ वरच्या बाजूला चिरलेली असेल तर कितीही ओढा, गालफडं बसतील पण तोंडात हवाच येईल. ही झाली गळती. आता त्याच स्ट्रॉला कुणी मुद्दाम सुईने एक बारीक भोक पाडलं असेल तर पाणी येईल, पण फेसाळ, हवा मिसळलेलं. हा झाला कार्बोरेटरमधला मुद्दाम ठेवलेला हवेचा रस्ता. चीर आणि भोक, दोन्हीतून हवाच येते. फरक इतकाच की भोक मोजून पाडलेलं असतं. स्लोवर गाडी न टिकण्याच्या दहातल्या आठ भानगडी या दोहोंतच असतात. मोजलेलं भोक बुजलेलं असतं, नाहीतर न मोजलेली चीर पडलेली असते. तुमच्या गाडीत, माझ्या अंदाजाने, दोन्ही एकामागून एक झालंय.

कार्बोरेटरच्या नळकांड्यात थ्रॉटलची चकती असते. तुमच्या स्कूटरमध्ये ती फिरणारी बटरफ्लाय आहे. जुन्या मोटरसायकलींत तेच काम वरखाली होणारी स्लाइड करते. मूठ सोडली की चकती जवळजवळ बंद होते, कडेला केसाएवढी फट राहते. पिस्टन खाली जाताना हवा मागतो आणि ती त्या केसाएवढ्या फटीतूनच मिळते. म्हणून चकतीच्या इंजिनाकडच्या बाजूला जबर ओढ तयार होते. फिल्टरकडच्या बाजूला मात्र बाहेरच्यासारखाच हवेचा दाब, ओढ जवळपास नाहीच. मूठ पिळली, चकती उघडली की इंजिनाकडची ओढ कमी होते आणि मधल्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंचुरीतून, हवा जोरात वाहू लागते. तिथला दाब वेगामुळे पडतो आणि मेन जेटचं, म्हणजे पेट्रोलच्या मोठ्या मोजलेल्या भोकाचं, पेट्रोल वर येतं. स्लोवर मेन जेटचा काही संबंध नाही. तिथे सगळा खेळ चकतीमागच्या ओढीचा.

आता कुठली तोटी कसली हे ती आतून कुठे उघडते त्यावर ठरतं. चकतीच्या इंजिनाकडे उघडत असेल तर स्लोवर भरपूर ओढ आणि मूठ पूर्ण पिळली की नाहीशी. अगदी चकतीच्या कडेला, पण बंद चकतीच्या फिल्टरकडच्या बाजूला उघडत असेल तर स्लोवर ओढ शून्य आणि मूठ किंचित उघडली की एकदम ओढ येते, कारण चकतीची कड त्या भोकाला ओलांडून जाते. या दुसऱ्या जातीची तोटी स्कूटरमध्ये बहुधा दिसायची नाही. जुन्या जीपगाड्या आणि पेट्रोल व्हॅनमध्ये डिस्ट्रिब्युटरचा टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे ओढणारी डबी तिच्यावर जोडलेली असते. तिसरी वाटीची हवेची वाट, जिला ओढच नसते. चौथी वाटीच्या तळाची, ओव्हरफ्लोची. फ्लोटची सुई अडकली आणि पेट्रोल वर चढलं की ते इंजिनात जाण्याऐवजी जमिनीवर गळावं म्हणून ती असते. तिच्यातून पेट्रोल थेंबथेंब गळतंय म्हणून बूच मारणारे महाभाग मी पाहिलेत. पुढे तेच पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

ओळखायची सोपी रीत: गाडी कशीबशी चालू ठेवा, चोक ओढून का होईना, आणि तोटीवर बोटाचं टोक ठेवा. एक सिलिंडरच्या इंजिनात ओढ सलग नसते, टक-टक-टक अशी बोटाला लागते. बोट ओढलं गेलं आणि लगेच इंजिनाचा आवाज बदलला तर ती इंजिनाकडची. काहीच वाटलं नाही तर मूठ थोडी पिळून पुन्हा बघा. तरी काही नाही, म्हणजे ती हवेची वाट. उघडी ठेवा, फार तर तिला हातभर रबरी नळी लावून खाली सोडून द्या म्हणजे पावसाचं पाणी आणि धूळ जाणार नाही. त्या नळीचं टोकही अधूनमधून बघत जा. आपल्याकडे पडवीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या असल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. गाडी दोन किलोमीटर जाऊन बंद पडते आणि लोक जेट बदलत बसतात. असली मातीची गोळी मी दोनदा काढली आहे.

आता तुमची टोपीवाली तोटी. तुमच्या जातीच्या बऱ्याच गिअरलेस स्कूटरांना पेट्रोलचा कॉक हाताने फिरवायचा नसतोच. तो ओढीवर चालतो. इंजिनाच्या बाजूने एक बारीक नळी कॉककडे जाते. इंजिन फिरायला लागलं की नळीतली ओढ कॉकच्या आतला रबरी पडदा स्प्रिंगविरुद्ध खेचते आणि पेट्रोल सुटतं. इंजिन थांबलं की स्प्रिंग पडदा परत बसवते, पेट्रोल बंद. तुम्ही तो कॉक बदलून साधा बसवला. म्हणजे ओढीची नळी बिनकामाची झाली. काढली, आणि तोटीवर हाताला लागलेली टोपी चढवली. तेव्हा टोपी नवी असेल, घट्ट बसली. वर्षभरात पेट्रोलच्या वाफा, इंजिनाची ऊब आणि आपली खारी हवा खाऊन ती कडक झाली. कार्बोरेटर धुताना काढघालीत चिरली. आता तिथून न मोजलेली हवा आत जाते आणि इंजिन तापलं की चीर आणखी उघडते.

चिरेतून असून असून किती हवा जाणार, असं मनात येईल. पण स्लोवर इंजिन जेवढ्या हवेवर जगतं ती सगळी केसाएवढ्या फटीतून येते हे विसरू नका. टोपीची चीर म्हणजे तशीच दुसरी फट. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. पेट्रोलच्या साधारण पावणेपंधरापट वजनाची हवा मिळाली तर सगळं पेट्रोल पुरतं जळतं, आणि स्लोवर इंजिनाला त्याहून जरा जास्तच पेट्रोल लागतं. त्याच्या उलट झालं की गाडी आधी हवेवर रेस होते, मग कोरडी पडून मिसिंग करते, बंद पडते. चोक ओढला की टिकते, कारण चोक पेट्रोल वाढवतो. सगळं जुळतंय.

साधा कॉक बसवायचा निर्णय मला फारसा पटत नाही. रात्री बंद करायला विसरलात आणि फ्लोटच्या सुईत कचरा अडकला तर पेट्रोल वाहून जाईल, नाहीतर इंजिनात उतरेल. पण बसवलाच आहे तर तोटीवर नवी, पेट्रोल सोसणारी टोपी घाला आणि वर क्लिप मारा. टोपी मिळाली नाही तर दोन इंच पेट्रोलची नळी घालून तिच्या टोकात गुळगुळीत बोल्ट बसवून दोन्हीकडे क्लिप लावली तरी चालतं. दिसायला गावठी, पण गळत नाही. जुना ओढीचा कॉक परत लावायचा असेल तर आधी एक बघा. त्याच्या ओढीच्या नळीत पेट्रोलचा ओलावा असेल तर आतला पडदा फाटला आहे. मग कार्बोरेटरला वळसा घालून पेट्रोल सरळ इंजिनात जातं, प्लग काळा पडतो आणि मिक्श्चरचा स्क्रू बिचारा उगाच मार खातो.

आता स्लोच्या वाटेबद्दल, कारण मूळ दुखणं तिथे होतं आणि ते पुरतं गेलंय का याची मला शंका आहे.

फ्लोटच्या वाटीतून पेट्रोल स्लो जेटमध्ये शिरतं. त्याचं भोक लहान गाड्यांत साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. जेटच्या बाजूला आणखी बारीक भोकं असतात, तिथून हवा येऊन पेट्रोलचा फेस होतो. ही हवा येते कुठून? फिल्टरचा पाइप काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा, कडेला दोन-तीन बारीक भोकं दिसतील. त्यातलं एक मेन जेटच्या हवेचं आणि एक स्लोचं. तोंडातून आत गेलेली हवा आणि जेटमधून वर आलेलं पेट्रोल मिळून झालेला फेस एका आडव्या वाटेने चकतीकडे जातो. तिथे त्याला दोन दारं आहेत. एक चकतीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, मिक्श्चरच्या स्क्रूच्या टोकाखाली. दुसरं म्हणजे चकतीच्या अगदी कडेला असलेली एक, दोन किंवा तीन टाचणीच्या टोकाएवढी भोकं, ज्यांना बायपास म्हणतात.

चकती बंद असते तेव्हा ही बायपासची भोकं फिल्टरच्या बाजूला राहतात. तिथे ओढ नाही. म्हणजे त्यांतून फेस बाहेर येत नाही, उलट तिथून आणखी हवा आत शिरते आणि फेस पातळ होतो. मूठ जरा पिळली की चकतीची कड भोकं ओलांडते, तीच भोकं ओढीच्या बाजूला येतात आणि आता त्यांतून पेट्रोल फवारू लागतं. मेन जेट जागा होईपर्यंतचा मधला वेळ हीच भोकं निभावून नेतात. गाडी स्लोवर ठीक पण मूठ देताच गचका खाऊन मरते, तेव्हा ही भोकं बुजलेली असण्याची शक्यता पहिली धरावी.

यातून एक गंमत निघते, आणि तुमच्या ‘स्क्रूने फरक शून्य’चं एक उत्तरही. स्लो टिकत नाही म्हणून मेकॅनिक रेसचा स्क्रू आवळत जातो. चकती इतकी उघडते की बायपासची भोकं इंजिनाच्या बाजूला येतात. मग गाडी मिक्श्चरच्या स्क्रूवर नाही तर बायपासवर चालते, आणि स्क्रू कुठेही फिरवा, तिला पत्ता नसतो. म्हणून स्क्रूने फरक पडत नसेल तर तीन गोष्टी तपासायच्या. स्लोची वाट बुजली आहे का, चकती जास्त उघडी आहे का, बाहेरून हवा येते का. तुमच्या बाबतीत मागच्या दोन्ही आहेत असं समजा आणि पहिलीची खात्री करा.

ती अशी करायची. कार्बोरेटर उतरवा, वाटी उघडा, स्लो जेट काढा. मिक्श्चरचा स्क्रू काढण्यापूर्वी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत मोजून आवळा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मग बाहेर काढा. जोर लावू नका. त्याचं टोक सुईसारखं असतं, आवळलं तर टोकावर वळ पडतो, आणि एकदा तर टोक तुटून भोकातच राहिलेलं मी पाहिलंय. त्या कार्बोरेटरचं पुढे काही होऊ शकलं नाही. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि मोहरीएवढी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, यायला हवी. ओ-रिंग बऱ्याचदा भोकात चिकटून राहते, लोक तिच्यासकट क्लीनर मारतात आणि ती उडून जाते. ओ-रिंग नसली की स्क्रूच्या आट्यांतून हवा येते. तुमच्या मेकॅनिकने ती घातली आहे का, हे मुद्दाम बघा.

मग डोळ्यांना चष्मा लावून तोंडातल्या स्लोच्या हवेच्या भोकातून कार्ब क्लीनर मारा. फवारा तीन ठिकाणांहून निघायला हवा: स्लो जेटच्या रिकाम्या जागेतून, बायपासच्या प्रत्येक भोकातून आणि स्क्रूच्या टोकाच्या भोकातून. एकावर बोट ठेवून दुसऱ्यातून येतो का ते बघा. तीन बायपासांपैकी दोनच फवारत असतील तर काम झालेलं नाही. चष्म्याचं हसू करू नका. हा फवारा कुठून फिरून डोळ्यात येईल सांगता येत नाही.

वाट बुजते कशाने, तर आपल्याकडे नुसत्या कचऱ्याने नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. कोकणातला पावसाळा आणि पडवीत उभी गाडी म्हटल्यावर पाण्याला तोटा नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड, वाटीच्या तळाशी बसतं. तिथे कार्बोरेटरच्या जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर पांढरी भुकटी धरते आणि पितळी जेटवर हिरवा कळंक. ही भुकटी रॉकेलात भिजवून निघत नाही. रॉकेल चिकट राळ काढतं, खार काढत नाही. जेट हिरवा पडला असेल तर समया घासतो तसा आमसुलाच्या पाण्यात थोडा वेळ टाकला तरी उजळतो, पण नुसता सुटा जेट. कार्बोरेटरचं अंग चुकूनही आंबट पाण्यात बुडवू नका, जस्ताला आंबट खातं. अंगातल्या वाटांसाठी कार्ब क्लीनर, थांबून थांबून दोन-तीनदा, आणि मग हवा. कंप्रेसरची हवा मारण्याआधी वरचा रबरी पडदा आणि फ्लोट काढलेला असावा.

भोकात पोलादी तार, पिन, सुई घालू नका. साधं गणित आहे. ०.३५चं भोक घासून ०.४०चं झालं तर डोळ्याला कळणार नाही, पण त्याचं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढलं. मी गरवायच्या तंगुसाचा, म्हणजे मासे गळाने पकडायच्या नायलॉनच्या दोरीचा, तुकडा वापरतो, ०.३०चा. बंदरावरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, भोकाला ओरखडा काढत नाही आणि वळणातही थोडा शिरतो. तंगूस नसेल तर मऊ वायरीतली तांब्याची एक तार. बाजारातल्या कार्बोरेटर किटबद्दलही सांगून टाकतो. त्यातलं रबर वापरा, पितळ वापरू नका. स्वस्त किटमधल्या जेटवर आकडा बरोबर असतो, भोक असेलच असं नाही. मूळ जेट साफ होत असेल तर तोच ठेवावा.

अंगाच्या बाजूला दोन छोट्या स्क्रूंखाली एक गोल झाकण दिसलं तर तेही उघडा. काही कार्बोरेटरांत तिथे लहान पडदा आणि स्प्रिंग असते. धावत्या गाडीची मूठ सोडली की ओढ एकदम वाढते, हा पडदा स्लोच्या हवेची एक वाट तात्पुरती बंद करतो आणि मिक्श्चर घट्ट होतं, त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणजे सायलेन्सरमध्ये फटाके वाजत नाहीत. पडदा भोकावला तर उतारावर फटफट आवाज येतो आणि कधी कधी स्लोही बिघडतो. धुताना त्यावर क्लीनर गेला असेल तर तो फुगून वाकडा झालेला सापडेल.

जोडल्यावर गळती पुन्हा तपासा, कारण टोपी हा एकच संशयित नाही. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला काळा ठोकळा, त्याची ओ-रिंग, इनटेक पाइपचं गॅसकेट, सगळीकडे हवा शिरू शकते. नट जास्त आवळल्याने कार्बोरेटरचं तोंड वाकलेलं असतं. काचेवर ठेवून बघा, डुगडुगतं का. डुगडुगलं तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासून सपाट करता येतं. गळती शोधायला काही जण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. मी तसं करू देत नाही. इस्त्रीच्या फवाऱ्यात साबणाचं पाणी घ्या आणि जोडांवर एकेक ठिकाणी मारा. ज्या जागी पाणी पडताच इंजिनाचा सूर बदलेल ती जागा. आमच्या एका मच्छीमार गिऱ्हाईकाची तक्रार होती, ‘इंजिन तापला की स्लोवर रवतच नाय.’ पेट्रोल-रॉकेलवर चालणारं होडीचं इंजिन, कार्बोरेटर तीनदा धुवून झालेला. पाणी मारल्यावर इनटेकच्या गॅसकेटच्या खालच्या कडेला सापडलं. खाऱ्या पाण्याने तोंडाची धातूच खाल्ली होती आणि नवं गॅसकेट घातलं तरी तिथे टेकतच नव्हतं.

हे सगळं नीट झालं की मग स्क्रू. आधी तुमचा स्क्रू कुठल्या जातीचा ते ठरवा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमी-जास्त करतो, आवळला की पेट्रोल जास्त जातं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो तयार फेस कमी-जास्त करतो, आवळला की पेट्रोल कमी. जुन्या स्लाइडवाल्या मोटरसायकलींवर शिकलेले मेकॅनिक स्कूटरवर उलटं फिरवतात ते इथेच फसतात. तुमचा, बटरफ्लाय असल्याने, इंजिनाच्या बाजूचा असणार.

चार-पाच किलोमीटर फिरवून इंजिन पुरतं गरम करा. चोक पूर्ण बंद. स्क्रू टेकवून दोन फेरे बाहेर काढा, रेसच्या स्क्रूने गाडी जेमतेम टिकेल एवढी ठेवा. आता मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, इंजिनाला कळायला वेळ लागतो. सूर चढत जाईल, एका जागी सगळ्यात वर जाईल, पुढे जडावेल. त्या वरच्या जागी परत या. मग रेसचा स्क्रू सोडून स्लो खाली आणा, पुन्हा पाव फेरा इकडे-तिकडे करून बघा. दोन-तीन वेळा असं केलं की दोन्ही स्क्रू जागेवर येतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमच्या खाली ओढू नका. गाडी हळू ‘धक धक’ करते म्हणून मालक खूश होतो, पण हेडला तेल कमी पोचतं. गाडी पाऊण फेऱ्याच्या आतच सगळ्यात चांगली चालत असेल तर कुठून तरी पेट्रोल जास्त येतंय. तीन फेऱ्यांच्या बाहेर काढूनही मागत असेल तर जेट अजून अर्धवट बुजलेला आहे किंवा हवा अजून येते आहे. स्क्रू हे मोजायचं साधन आहे, दुरुस्तीचं नव्हे, हे आमच्या उस्तादांनी मला पान्याने बोटावर मारून शिकवलं होतं.

चारचाकीवाल्यांसाठी दोन ओळी, कारण हाच प्रश्न जुन्या जीपवालेही विचारतात. तिथे व्हॅक्यूम गेज लावा, अंदाज करू नका. निरोगी चार सिलिंडरच्या इंजिनाला स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दिसतात, आपल्या किनाऱ्यावर, समुद्रसपाटीला. आंबोलीला सुमारे ७०० मीटर चढलात तर तोच काटा दोन-एक इंच खाली दिसेल, तो दोष नव्हे. काटा कमी आणि ब्रेकही जड लागत असेल तर ब्रेक बूस्टरची, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या डबीची, जाडी नळी आधी चिमटा, कार्बोरेटरला नंतर हात लावा. आणि डिस्ट्रिब्युटरची नळी इंजिनाकडच्या तोटीवर की चकतीच्या कडेच्या तोटीवर, हे त्या गाडीच्या पुस्तकातच बघायचं. बाजूची गाडी बघून लावू नये.

तुमच्या स्कूटरकडे परत. टोपी बदलली, ओ-रिंग सापडली, तिन्ही फवारे आले, आणि तरी स्लो डळमळतोय असं झालं तर कार्बोरेटर सोडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, बघा. इनटेकचा व्हॉल्व्ह टाइट असेल तर तो पुरता बसत नाही, ओढच तयार होत नाही आणि कार्बोरेटर कितीही चांगला असो, त्याला मागायला कुणी नसतं. टॅपेट इंजिन पूर्ण गार असताना मोजायचा, रात्रभर उभी ठेवून सकाळी. आणि गाडी पुन्हा पडवीत उभी करण्याआधी कॉक बंद करून वाटीच्या खालचा स्क्रू सैल करा, वाटीतलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. पहिल्यांदा काढाल तेव्हा ती बाटली उन्हात धरून बघा. तळाशी पाण्याचा थर दिसला तर टाकीही धुवायला लागेल.